प्लगची साक्ष

हौशी : पद्मिनी गाडीच्या डेल्कोमधले, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधले, पॉइंट आणि कंडेन्सर काढले, तिथे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं, सोबत जास्त ताकदीची कॉइल लावली, की पुढचा प्रश्न आपसूक येतो : आता प्लग कोणता? माझं म्हणणं सरळ आहे. विहिरीवरची तीन एचपीची मोटर काढून पाचची बसवली आणि पाइप मात्र तोच जुना ठेवला, तर वाढलेली ताकद जाणार कुठे? पॉइंटवर चालणारी गाडी पंधरा-वीस हजार व्होल्टच्या हिशेबाने बनलेली होती. म्हणून प्लगची गॅप ०.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवत आणि साधा निकेलचा प्लग लावत. आता कॉइलच्या खोक्यावर ४० हजार लिहिलेलं असतं. अशा वेळी गॅप १ मिलिमीटरपर्यंत उघडावी, इरिडियमचा प्लग घ्यावा, आणि आपल्याकडचं ऊन बघता एक नंबर थंड घ्यावा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. इंग्लंडातल्या थंडीत लिहिलेली पुस्तकं इथे काय कामाची? अर्धवट सुधारणा करण्यापेक्षा ती न केलेली बरी. इग्निशन नवं आणि प्लग जुना, म्हणजे नवऱ्याला नवा कोट शिवून पायात फाटकी चप्पल.

शंकेखोर : मोटर आणि पाइपचा दाखला देऊन तुम्ही एक चूक गृहीत धरली आणि तिच्यावर तीन मजले चढवले. कॉइल मोटरसारखी ढकलत नाही. तिचं वागणं गावतळ्यासारखं आहे. तळं कितीही खोल खणा, पाणी सांडव्याच्या उंचीपर्यंतच चढणार आणि तिथून वाहू लागणार. प्लगची गॅप हा सांडवा आहे. कॉइलमध्ये व्होल्टेज चढत जातं, गॅपमधली हवा फुटली की ठिणगी उडते आणि चढणं तिथेच थांबतं. शांत चालणाऱ्या इंजिनाला आठ-दहा हजार व्होल्ट पुरत असतील, तर वीस हजारांची कॉइल लावा की चाळीस हजारांची, प्लगपाशी आठ-दहाच पोचतात. खोक्यावरचा आकडा ही तळ्याची खोली झाली. म्हणजे इग्निशन बदलल्याने प्लगवर काहीतरी जास्तीचं येऊन आदळतं आणि ते झेलायला वेगळा प्लग लागतो, ही समजूतच आधी काढून टाकू. दुसरं असं की गॅप, धातू आणि उष्णतेचा नंबर हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही त्यांची एकच मोळी बांधली. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. तिसरं, ‘इग्निशन अपग्रेड’ म्हणजे नेमकं काय केलं ते सांगितल्याशिवाय प्लगची चर्चा करणं म्हणजे पाण्यात म्हैस, बाहेर मोल. नुसते पॉइंट काढून हॉल सेन्सरचं मॉड्यूल बसवलं आणि कॉइल जुनीच ठेवली, तर ठिणगीची ताकद जवळपास होती तेवढीच राहते. चार सिलिंडरचं इंजिन ३००० फेऱ्यांवर चालतं तेव्हा सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात, म्हणजे कॉइल भरायला दर खेपेस सहा-सात मिलिसेकंद मिळतात. तेवढा वेळ साध्या कॉइलला पुरतो. तिथे मिळतो तो नियमितपणा, ताकद नव्हे. कमी रेझिस्टन्सची जोरकस कॉइल लावली तर ताकद वाढते. आणि सीडीआय, म्हणजे कपॅसिटरवर चालणारं इग्निशन, लावलं तर आणखी तिसरंच काही होतं : व्होल्टेज विजेसारखं चढतं, पण ठिणगी टिकते अगदी थोडा वेळ. या तिघांना एकच प्लग कसा सुचवणार?

हौशी : सांडव्याचं मान्य. पण सांडव्याची उंची कायम एकच राहत नाही, हे तुम्ही सोयीने गाळलंत. १८८९ मध्ये पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ठिणगी उडायला लागणारं व्होल्टेज हे गॅप आणि दाब यांच्या गुणाकारावर ठरतं. सिलिंडरमधला दाब दुप्पट झाला, तर गॅप दुप्पट केल्यासारखंच. रिकाम्या रस्त्यावर अर्ध्या ॲक्सिलेटरवर गाडी चालते तेव्हा दाब कमी असतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलेला, इंजिनाच्या फेऱ्या मात्र कमी. सिलिंडर पूर्ण भरतो, दाब चढतो, आणि नेमक्या त्याच वेळी कमकुवत इग्निशन हात टेकतं. गाडी मिसिंग मारते ती घाटात, सपाटीवर नाही, याचं कारण हेच. नव्या कॉइलमुळे मला घाटासाठी शिल्लक मिळते. ती शिल्लक नुसती बँकेत ठेवण्यापेक्षा थोडी वापरली, म्हणजे गॅप वाढवली, तर बिघडलं काय? गॅप मोठी म्हणजे पहिली ज्योत मोठी, आणि तिच्या अंगातली उष्णता शोषून घेणारा धातू तिच्यापासून जरा लांब. शिवाय आजचं पेट्रोल बघा. २०२३ च्या फेब्रुवारीपासून देशात ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, येऊ लागलं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. इथेनॉलच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त प्राणवायू असतो. कार्बोरेटरला हे समजत नाही, त्याचे जेट जुन्याच पेट्रोलसाठी भोक पाडलेले. म्हणजे काहीही न करता गाडीचं मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ झालं. पातळ मिश्रण पेटवायला कठीण असतं. त्याला मोठी आणि जास्त वेळ टिकणारी ठिणगी लागते. पन्नास वर्षांपूर्वीची गॅप त्या पेट्रोलसाठी होती, या पेट्रोलसाठी नाही.

शंकेखोर : हा मुद्दा खरा आहे. पद्मिनीच्या मॅन्युअलला धर्मग्रंथ मानणाऱ्यांनी तो ऐकायला हवा. पण त्याचा पहिला निष्कर्ष प्लगचा नाही, जेटचा आहे. मिश्रण पातळ झालं असेल तर मुख्य जेट एक माप मोठा करा. दुखणं पोटात आणि मलम कपाळाला, असं कशाला? आणि गॅप १ मिलिमीटर करताना एक गोष्ट विसरू नका. सांडवा उंच केला की पाण्याचा दाब साऱ्या बांधावर वाढतो. प्लगमधून न फुटलेलं व्होल्टेज दुसरी वाट शोधतं. डेल्कोच्या कॅपला आतून केसाएवढी चीर असेल, रोटरचं बेकेलाइट जुनं असेल, प्लग वायर उन्हाने कडक होऊन तडकली असेल, तर करंट तिथून पळतो. पळाला की जाताना कोळशाची बारीक रेघ ओढून जातो, आणि पुढच्या वेळी त्याच रेघेवरून आणखी सहज पळतो. ही गळती अंधारात बॉनेट उघडल्याशिवाय दिसत नाही. आणि जुलैत, कॅपच्या आत ओल धरली की, त्रास दुप्पट. पद्मिनीचा डेल्को लहान अंगाचा आहे. त्याच्या कॅपमधल्या पितळी खुंट्या एकमेकांना खेटून आहेत. त्याला चाळीस हजारांची सवय नाही. म्हणून मी म्हणतो, कॅप, रोटर आणि वायर नवीन असतील तर ०.६ वरून ०.७-०.८ वर जा. त्याच्या पुढे जायचं तर पुरावा द्या. सीडीआय बसवलं असेल तर तेवढंही नको, कारण त्याची ठिणगी आधीच आखूड असते, आणि पातळ मिश्रणाला हवी असते ती टिकणारी.

हौशी : बरं, ०.८ वर तह. पण धातूचं काय? इरिडियमच्या मधल्या इलेक्ट्रोडचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, साध्या निकेलच्या प्लगचं अडीच. टोक जितकं बारीक, तितका विद्युतदाब एका जागी एकवटतो आणि कमी व्होल्टेजवर ठिणगी उडते. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४४६ ला. टोक झिजत नाही, म्हणून गॅप वर्षानुवर्षं तशीच राहते. तुमच्याच भाषेत, सांडवा खाली येतो आणि बांधावरचा ताण कमी होतो. मग हरकत काहून?

शंकेखोर : हरकत तुमच्याच बोलण्यात आहे. इरिडियमचा मोठा गुण हा की कमी व्होल्टेजवर काम भागतं. म्हणजे त्याची खरी गरज कमकुवत इग्निशनला, जुन्या पॉइंटवाल्या गाडीला. तुम्ही ताकद वाढवून घेतलीत आणि मग कमी ताकदीत भागवणारा प्लगही घेताय. एकाच दुखण्यावर दोन औषधं. दुसरा गुण आयुष्याचा. हौसेची गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरते. लाख किलोमीटर टिकणारा प्लग तिला किती पिढ्या पुरवायचा? एका इरिडियमच्या पैशात साध्या प्लगचा चारांचा सेट येतो, आणि महाग मालाची नक्कल बाजारात आधी येते. ते बारीक टोक वाकवून गॅप करताना तुटतं, तेव्हा फिलर घालून ठोकाठोकी करणाऱ्या हातात ते देऊही नये. थंडीत इरिडियमवर गाडी पटकन चालू होते, हे मात्र मी नाकारत नाही. पण धातूवर एवढा वेळ घालवण्यापेक्षा एका अक्षरावर घालवा : ‘आर’. प्लगच्या कोडमध्ये आर असेल तर आत सुमारे पाच हजार ओहमचा रेझिस्टर असतो. पॉइंटच्या गाडीला तो लागत नसे. ठिणगी उडताना निघणाऱ्या रेडिओलहरींनी पत्र्याच्या पॉइंटला काय फरक पडणार? आता मात्र डेल्कोच्या पोटात, उच्च दाबाच्या वायरीपासून चार बोटांवर, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसलेलं आहे. त्या लहरींनी ते गोंधळतं, नको त्या क्षणी ठिणगी मारतं, आणि मिस्त्री बिचारा कार्बोरेटर खोलत बसतो. तांब्याच्या जुन्या वायरी आणि बिनरेझिस्टरचे प्लग नव्या मॉड्यूलबरोबर ठेवणं ही मला इथली सगळ्यात महागाची बचत वाटते.

हौशी : पण रेझिस्टरने ठिणगी कमजोर होते असं सगळे म्हणतात.

शंकेखोर : सगळे म्हणतात, गुणाकार कोणी करत नाही. ठिणगी उडण्याआधी गॅपमधून प्रवाहच नसतो, त्यामुळे रेझिस्टरवर काही पडत नाही, पूर्ण व्होल्टेज टोकापर्यंत पोचतं. उडाल्यावर कॉइलमधून वाहतो तो प्रवाह फार तर पन्नास मिलिअँपिअर. पाच हजार ओहम गुणिले तेवढा प्रवाह म्हणजे अडीचशे व्होल्ट. हजारोंच्या हिशेबात अडीचशे व्होल्ट म्हणजे लग्नाच्या पंगतीतली एक पोळी.

इथे लिहिणाऱ्याला मध्ये तोंड घालणं भाग आहे, कारण यापुढे दोघं ‘थंड’ आणि ‘गरम’ प्लगवर भांडणार आहेत आणि दुकानात या शब्दांनी जेवढा घोळ होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नसेल. गरम प्लग जास्त गरम ठिणगी देतो, असं नाही. प्लगच्या आतलं पांढरं चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत जायला वाट लांब पडते आणि टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड. टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर राहिलं तरच काजळी जळून प्लग स्वतःला साफ ठेवतो. ८५०-९०० च्या पुढे गेलं की ठिणगीची वाट न बघता तेच मिश्रण पेटवतं, आणि मग पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते. आता नंबर. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. जुन्या पिढीच्या तोंडी असलेली मायको ही बंगळुरूची कंपनी १९५१ मध्ये सुरू झाली, २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. तिच्या जुन्या खोक्यांवर १४५, १७५, २२५ असे आकडे असत, आणि त्या मोजणीत मोठा आकडा थंड. नव्या मोजणीत तेच १७५ म्हणजे ७ आणि २२५ म्हणजे ५, इथे मोठा आकडा गरम. एकाच घराण्यात दोन उलट रिवाज. ढोबळमानाने एनजीकेचा ६, बॉशचा ७ आणि चॅम्पियनचा ९ हे एका पायरीवर येतात. ‘एक नंबर वाढवून द्या’ असं दुकानात म्हटलं की थंड मिळेल की गरम, हे काउंटरवर कोणतं खोकं आहे त्यावर ठरतं. आणि आटे १४ मिलिमीटरचेच असले तरी लांबी बघायची राहू नये. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. त्याचे आटे चुकीच्या प्लगने आणि लांब दांड्याच्या पान्याने एकदा गेले, की थंड-गरम हा वादच उरत नाही.

हौशी : तर मग उन्हाचं बोला. पंचेचाळीस अंशांत दुपारी अकोल्याहून अमरावतीकडे निघालेली गाडी आणि डिसेंबरात पहाटे निघालेली गाडी, दोघींना एकच नंबर कसा चालेल?

शंकेखोर : चालतो, कारण टोकाचा हिशेब शेकड्यांत आहे आणि उन्हाचा दहांत. एक नंबर बदलला की टोकाचं तापमान सत्तर ते शंभर अंशांनी बदलतं. डिसेंबर आणि मे यांच्या हवेत फरक पडतो तो पंचवीस-तीस अंशांचा. तो एका पायरीचाही नाही. आपल्याकडचं ऊन प्लगला नाही, बाकीच्यांना मारतं. गाडीच्या पेट्रोलपंपात वाफ धरते, गाडी रस्त्यात गचके खाऊन बंद पडते, ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकतो, दहा मिनिटांनी गाडी चालू होते, आणि गावात येऊन तो मिस्त्रीला सांगतो, ‘प्लग गेले.’ कंडेन्सर उन्हात दगा देतो. तुमचं मॉड्यूल आणि कॉइलही देतात. चावी चालू ठेवून गाणी ऐकत बसलात तर कॉइल आणखी तापते. पण चार प्लग पन्नास वेळा बदलले जातात, कारण ते हाताला लागतात आणि स्वस्त असतात. उष्णतेचा नंबर ठिणगीवर ठरत नाही, उन्हावर तर त्याहून नाही. तो सिलिंडरमध्ये किती जळतं आणि कधी जळतं त्यावर ठरतो. टायमिंग दहा अंशांनी पुढे नेलं, की टोक सत्तर ते शंभर अंशांनी तापतं. म्हणजे पूर्ण एक नंबर.

हौशी : आता तुम्ही माझ्या बाजूने बोललात, भाऊ, आणि तुमच्या लक्षात आलं नाही. पॉइंटच्या गाडीत काय होत होतं? पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, पॉइंटची गॅप कमी होते, आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं. दोन-तीन हजार किलोमीटरला कोणी पॉइंट सेट केले तर ठीक, नाहीतर गाडी वर्षभर मागच्या टायमिंगवर लोळत असते. ती थंड चालते, आळशी चालते, आणि मिस्त्री काजळी पाहून गरम प्लग देतो. मॉड्यूल बसवताना आपण टायमिंग लाइट लावून ते जागेवर आणतो, आणि मग ते तिथेच राहतं. कोणी तर ई-२० चा वाढलेला ऑक्टेन बघून दोन अंश आणखी पुढे घेतं. म्हणजे इग्निशन बदलल्याने टोक तापलं की नाही? ठिणगीमुळे नसेल, पण वेळेमुळे तापलं. मग एक नंबर थंड, ही माझी पहिली मागणी चुकीची कशी? शिवाय रस्तेही बदलले. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मानादरम्यान ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत घातली गेली आणि गिनेसमध्ये नोंद झाली. जिथे पद्मिनी पूर्वी खड्डे चुकवत चाळीसने जायची, तिथे ती आता तासभर ऐंशीने सलग धावते. टोकाला थंड व्हायला उसंत नाही.

शंकेखोर : मी हरलो असं म्हणत नाही, पण माझं वाक्य सुधारून घेतो. इग्निशन बदलल्यामुळे नंबर बदलायची गरज नाही, हे मी म्हणालो ते नव्याने नीट सेट केलेल्या पॉइंटच्या तुलनेत खरं आहे. झिजलेल्या पॉइंटशी तुलना केली तर तुमचं खरं. आणि रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या झिजलेल्याच पॉइंटवर चालत, हेही कबूल. पण तुमचा महामार्ग किती गाड्यांच्या नशिबी आहे? हौसेच्या गाडीचं खरं आयुष्य असं : रविवारी सकाळी चोक ओढून चालू करायची, अमरावतीतल्या राजकमल चौकापर्यंत न्यायची, लोकांना दाखवायची आणि परत आणून झाकायची. टोक ४५० ला पोचायच्या आत फेरी संपते. तिला थंड प्लग दिलात तर महिन्याभरात काळा. म्हणजे त्याच गाडीला, त्याच इग्निशनवर, मालकाच्या सवयीप्रमाणे उलटं उत्तर निघतं. तेव्हा पुस्तकात जो नंबर आहे त्यावरच सुरुवात करायची आणि चालवून, प्लग काढून बघायचं. याला दुसरा मार्ग मला माहीत नाही.

हौशी : तेच तर. प्लग काढून बघा, प्लग सांगेल. चहासारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक, कोरडा काळा असेल तर मिश्रण जाड किंवा प्लग थंड, ओला काळा असेल तर इंजिन ऑइल खातंय, पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा प्लग गरम. पन्नास वर्षं मिस्त्रींनी याच तक्त्यावर गाड्या चालवल्या.

शंकेखोर : आणि तो तक्ता रद्द झाला, हे कोणी त्यांना कळवलंच नाही. आपला मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला डेल्को म्हणतो. डेल्को हे ओहायोतल्या डेटन गावच्या एका कंपनीचं नाव. चार्ल्स केटरिंग तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि पॉइंट-कॉइल-डिस्ट्रिब्यूटर ही रचना त्याची, १९१० च्या सुमाराची. आपण ती काढून फेकली तरी नाव उरलं. याच केटरिंगच्या हाताखाली १९२१ मध्ये मिजली याने पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती शोधली. प्लगच्या टोकावर बसणाऱ्या त्या तपकिरी थरात या शिशाच्या राखेचा मोठा वाटा होता. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. पद्मिनीही त्याच सुमारास बंद झाली. म्हणजे तिचं कारखान्यातलं जवळजवळ सगळं आयुष्य शिशाच्या पेट्रोलवर गेलं आणि निवृत्तीनंतरचं सगळं बिनशिशाच्या. बिनशिशाच्या पेट्रोलने प्लग फिका पडतो, इथेनॉलने आणखी फिका. आता धडधाकट इंजिनाचाही प्लग पांढरट निघतो. जुना मिस्त्री तो बघून म्हणतो, ‘लय गरम चालते, थंड टाका.’ तो खोटं बोलत नाही, मेलेल्या पेट्रोलची भाषा वाचतोय. आणि आता तुमच्या सुधारणेकडे येतो. कमकुवत इग्निशन हे त्रासदायक असेल, पण चुगलखोर होतं. जेट मोठा झाला, रिंगा झिजल्या, कॉटन मार्केटची धूळ आणि कापसाचे तंतू एअर क्लीनरमध्ये अडकून गाडी जाड मिश्रणावर आली, की प्लग काजळायचा, करंट काजळीतून गळायचा, गाडी लगेच मिसिंग मारायची. मालक आठवड्यात मिस्त्रीकडे. तुमची जोरकस कॉइल त्याच काजळलेल्या प्लगवर मुकाट ठिणगी मारत राहते. गाडी चालते. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरत राहतं, आणि कोणाला कळत नाही. साक्षीदार होता एकच, तोही फितूर झाला.

हौशी : गाडी चुगली करते म्हणून तिला अशक्त ठेवायची, हा न्याय मला पटत नाही. ताप कळावा म्हणून कोणी घरात डास पाळत नाही. माना ते मूर्तिजापूरदरम्यान रात्री अकरा वाजता गाडी बंद पडली, तेव्हा ती माझ्या रिंगांविषयी किती प्रामाणिक होती याचं मला कौतुक वाटणार नाही.

शंकेखोर : त्याच ठिकाणी तुमचं मॉड्यूल गेलं तर तुम्ही काय कराल? पॉइंट काजळले असते तर पॉलिश पेपरचा तुकडा आणि फिलरच्या जागी व्हिजिटिंग कार्ड, एवढ्यावर घरी आला असता.

हौशी : डिकीत जुनी पॉइंट-प्लेट ठेवीन. अर्ध्या तासात बसते. तुमचा खरा मुद्दा तो नाही, साक्षीचा आहे, आणि तिथे मला एवढंच म्हणायचं आहे की साक्षीदार फितूर झालेला नाही, आपण त्याला चुकीचे प्रश्न विचारतोय. टोकाचा रंग सोडा. मिश्रणाचं विचारायचं तर चिनी मातीच्या नाकाच्या अगदी मुळाशी, जिथे ते लोखंडी कवचात शिरतं, तिथे भिंगातून बघा. काजळीची बारीक कडी असते. जाड मिश्रणात ती रुंद आणि गडद, पातळ मिश्रणात जवळजवळ नाहीशी. नंबरचं विचारायचं तर वरून वाकलेल्या पट्टीवर बघा. तापल्याने तिचा रंग जिथे बदलतो ती सीमा पट्टीच्या वळणाजवळ असेल तर नंबर बरोबर, टोकाकडे सरकली तर प्लग थंड, मुळाकडे आली तर गरम, असं ट्यूनिंगवाले मानतात. दोन प्रश्न, दोन जागा. आणि हे घरासमोर उभ्या गाडीत बघायचं नाही. नवे प्लग लावून लोणीकडून निघायचं, पूर्ण दाबाने काही किलोमीटर न्यायची, मागे कोणी नाही बघून क्लच दाबायचा आणि त्याच क्षणी इग्निशन बंद. चावी बाहेर काढायची नाही, काढली तर स्टिअरिंग लॉक लागेल. गाडी कडेला घरंगळत न्यायची आणि तिथेच प्लग खोलायचे. हेड तापलेलं असतं, म्हणून हातमोजे घालायचे आणि आट्यांना जपायचं.

शंकेखोर : ही पद्धत मला मान्य आहे. हीच पहिल्या वाक्यात सांगितली असती तर आपला अर्धा वाद वाचला असता. पण समजा तुम्ही तसं केलंत. पुस्तकातला नंबर, रेझिस्टरवाला निकेलचा प्लग, गॅप ०.८, टायमिंग जागेवर, टाकीत ई-२०. चारही प्लग काढले. पट्टीवरची सीमा वळणाच्या थोडी खाली, मुळाकडे. नाकाच्या मुळाशी कडी आहे, पण केसाएवढी. आता बोला.

हौशी : मी एक नंबर थंड टाकीन. पट्टी स्पष्ट सांगतेय की टोक तापतंय.

शंकेखोर : आणि मी प्लगला हात न लावता जेट एक माप मोठा करीन. कडी स्पष्ट सांगतेय की मिश्रण पातळ आहे, आणि पातळ मिश्रणानेच पट्टी तापली असेल. तुम्ही थंड प्लग टाकलात तर पट्टी सुधारेल, मिश्रण तसंच राहील, आणि रविवारच्या फेरीत प्लग काळे पडतील. मग तुम्ही म्हणाल, मिश्रण जाड झालं.

हौशी : आणि तुमचा जेट घाटावर नेला तर? परतवाड्याहून चिखलदऱ्याला, अकराशे मीटरच्या आसपास, हवा विरळ होते आणि मिश्रण आपोआप जाड होतं. लोणीला बरोबर बसवलेला जेट तिथे गाडीला धूर ओकायला लावेल.

शंकेखोर : तर जेट लोणीला ठरवायचा की चिखलदऱ्याला, हे आधी ठरवू. मग प्लग खोलू.

हौशी : आणि पंपावरच्या पुढच्या टँकरमध्ये इथेनॉल किती असेल, हे कोण ठरवणार?